१९१३चा मूक 'हॅम्लेट' सांगलीत दाखवायचाय : फोर्ब्ज-रॉबर्टसनबद्दल काय सांगावं आणि पिक्चर कसा चालवावा?

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, ५ नोव्हेंबरच्या मराठी रंगभूमी दिनाच्या आठवड्यात वाचनालयाच्या सभागृहात सर जॉन्स्टन फोर्ब्ज-रॉबर्टसनचा १९१३चा मूक 'हॅम्लेट' दाखवायचा घाट घातलाय. शंभरेक खुर्च्या, साधा प्रोजेक्टर, लॅपटॉप. प्रेक्षक बहुतेक नाटकवेडे, साठीच्या पुढचे. शेक्सपिअर माहीत आहे, पण या नटाचं नाव कुणी ऐकलेलं नाही.

अडचणी अशा :
१. पिक्चरआधी पंधरा मिनिटं बोलायचंय. त्याच्या कारकिर्दीतलं काय घ्यावं, काय सोडावं?
२. फाईलमध्ये माणसं तुरुतुरु चालतात. तलवारबाजीला तर लोक हसतील. हे दुरुस्त होतं का?
३. पाट्या (मधेमधे येणारा लिखित मजकूर) इंग्रजीत आहेत आणि त्याही मोजक्याच.
४. संगीताला एक पेटीवाले आणि एक पखवाजवाले तयार आहेत. काय वाजवायला सांगू?

आगरकरांचं 'विकारविलसित' (मराठी 'हॅम्लेट') आणि ते गाजवणारे नट गणपतराव जोशी यांच्याशी सांधा जुळवावा असंही काहींचं म्हणणं आहे. ते ओढूनताणून होईल का?

पिटातला

पहिल्या प्रश्नाचं घेतो. पंधरा मिनिटांत जन्मापासून मरणापर्यंत जायला गेलात तर लोक पंख्याकडे बघत बसतील. एकच धागा धरा : हा आवाजाचा नट होता, आणि आपण त्याला आवाजाशिवाय बघणार आहोत. बाकी सगळं त्याला लटकवा.

जन्म १६ जानेवारी १८५३, लंडन. वडील कलासमीक्षक. पोराला चित्रकार व्हायचं होतं आणि रॉयल अकॅडमीत तो शिकलाही. चित्रकार रोझेटीच्या चित्रासाठी बसलेला आहे. नाटकात आला तो १८७४मध्ये, घरखर्चाला हातभार म्हणून. हे सांगा, कारण पुढे त्याने आत्मचरित्रात (१९२५) साफ लिहिलंय की अभिनय करताना मजा अशी फार क्वचित आली. चाळीस वर्षं रंगमंच गाजवलेला माणूस हे लिहितो म्हटल्यावर सभागृह कान टवकारतं.

तालीम कुणाची, तर सॅम्युअल फेल्प्सची. फेल्प्स आधीच्या पिढीतल्या मॅक्रेडी या बड्या नटाच्या कंपनीत वाढलेला. म्हणजे काव्य बोलायची पद्धत घराण्यासारखी हाताहाती आलेली. आपल्याकडे गायकाचं घराणं सांगतात तसं हे सांगितलंत की प्रेक्षकाला लगेच कळतं. नंतर हेन्री आयर्विंगच्या लायसियम थिएटरात दुय्यम भूमिका. १८८२च्या 'मच अ‍ॅडू अबाउट नथिंग'मध्ये क्लॉडिओ, आणि त्याच नाटकातल्या चर्चच्या प्रवेशाचं मोठं तैलचित्रही त्यानेच रंगवलं. १८९५मध्ये आयर्विंग अमेरिकेला गेल्यावर लायसियम याने चालवायला घेतलं : स्वतः रोमिओ, मिसेस पॅट्रिक कॅम्बेल ज्युलिएट.

हॅम्लेट सप्टेंबर १८९७मध्ये. वय चव्वेचाळीस. इथे थांबा आणि नीट सांगा. आयर्विंगचा हॅम्लेट आत ओढलेला, थांबत थांबत बोलणारा. याचा हॅम्लेट शुद्धीवरचा, सभ्य, जलद बोलणारा राजपुत्र. बर्नार्ड शॉने नाट्यसमीक्षेत कौतुक केलं ते मुख्यतः दोन गोष्टींचं. ओळींच्या मध्ये अभिनय कोंबण्यासाठी हा थांबत नाही, बोलता बोलता अभिनय करतो. आणि शेवटी येणारा नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास, जो तेव्हा सर्रास कापला जायचा, तो याने परत आणला. तोही शॉच्याच सल्ल्याने, त्यामुळे कौतुकात थोडं स्वतःचंही होतं.

पुढचं भरभर सांगा. १९०० साली अमेरिकन नटी गर्ट्रूड एलियटशी लग्न. शॉने 'सीझर अँड क्लिओपात्रा' याच्यासाठी १८९८मध्ये लिहिलं, रंगमंचावर आलं १९०६मध्ये न्यूयॉर्कला, क्लिओपात्रा गर्ट्रूड. १९०८मध्ये जेरोम के. जेरोमचं 'द पासिंग ऑफ द थर्ड फ्लोअर बॅक'. भाड्याच्या घरात एक अनोळखी माणूस राहायला येतो आणि भाडेकरू सुधारत जातात. पैसा या नाटकाने दिला. १९१३च्या वसंतात ड्रुरी लेन थिएटरात निरोपाचा हंगाम, त्याच हंगामाच्या अखेरीस 'सर' ही पदवी, आणि त्याच उन्हाळ्यात हा चित्रपट.

'मूकपटातला नट' अशी ओळख मात्र करून देऊ नका. त्याचे चित्रपट बोटांवर मोजण्याइतके. हा 'हॅम्लेट', मग १९१७चा 'मास्क्स अँड फेसेस' (नाट्यशिक्षण संस्थेच्या मदतीसाठी केलेला, त्यात शॉ आणि नाटककार बॅरीही पडद्यावर दिसतात), आणि 'थर्ड फ्लोअर बॅक'चा चित्रपट, १९१८चा. हा रंगभूमीचाच माणूस. निरोप घेताना कॅमेऱ्यासमोर येऊन गेला इतकंच. वारला ६ नोव्हेंबर १९३७ला, म्हणजे तुमच्या कार्यक्रमाच्या तारखेला खेटूनच.

रीळमोजणी

दुसरा प्रश्न. दुरुस्त होतं, पण आधी तुमच्या फाईलमध्ये काय आहे ते तपासा. डोळे झाकून वेग कमी केलात तर उलटा घोटाळा होतो, माणसं चिखलातून चालल्यासारखी दिसतात.

मूळ हिशोब असा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम). कॅमेऱ्याच्या हँडलचा एक फेरा म्हणजे ८ चौकटी, सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६. म्हणजे १६च्या वेगाने सेकंदाला एक फूट, आणि हजार फुटांचं रीळ १६ मिनिटं ४० सेकंद. तेच रीळ बोलपटाच्या २४च्या वेगाने लावलं तर ११ मिनिटं ७ सेकंदांत संपतं. सगळी तुरुतुरु इथून येते. ओळखीचं उदाहरण हवं असेल तर दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' घ्या, तोही १९१३चाच. लांबी सुमारे ३७०० फूट. जिथे तिथे 'चाळीस मिनिटांचा चित्रपट' छापतात तो २४चा हिशोब. १६ने चालवला तर तासाच्या वर जातो.

तपासायचं असं :

– व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कुणीतरी चालत असेल अशा ठिकाणी थांबवा. 'ई' हे बटण दाबत एकेक चौकट पुढे जा. प्रत्येक दाबाला माणूस हलत असेल, तर मूळ चौकटी जशाच्या तशा २४ किंवा २५च्या वेगात ओतल्यात. फाईल सुधारलेली नाही.
– दर तीन चौकटींत एक जशीच्या तशी पुन्हा येत असेल, तर कुणीतरी आधीच १६चा वेग २४मध्ये बसवलाय. हात लावू नका.
– फाईल सेकंदाला किती चौकटींची आहे ते 'कोडेक माहिती'त दिसतं. २५ची असेल तर १६साठी वेग ६४ टक्के आणि १८साठी ७२. २४ची असेल तर ६७ आणि ७५.

१६ की १८, हे कागदावर ठरवू नका. हँडल हाताने फिरायचं, त्यामुळे प्रवेशागणिक वेग बदलतो. या चित्रपटात ठरवायला एक उत्तम साधन आहे : फोर्ब्ज-रॉबर्टसन खरोखर संवाद बोलतोय. ओठ ओळखू येतात. कवटी हातात घेतलेला प्रवेश लावा, इंग्रजी संहिता समोर ठेवा आणि त्याच्या ओठांबरोबर मोठ्याने म्हणा. धाप लागली तर वेग जास्त आहे. शब्द संपून ओठ हलतच राहिले तर कमी. दुसरी खूण समुद्राची. एल्सिनोरचा किल्ला डॉर्सेटमधल्या लुलवर्थ कोव्हला किनाऱ्यावर उभारला होता. पाणी दिसेल तिथे लाटांकडे बघा, आणि झग्याची घडी खाली पडताना बघा. चालण्यात नट नाटकी असू शकतो, लाट नसते.

शंका राहिली तर १८ धरा. किंचित जलद खपतं, किंचित संथ झोप आणतं. तलवारबाजीसाठी वेगळा वेग लावायचा मोह टाळा. कापलेल्या ठिकाणी झटका दिसतो आणि पेटीवाल्यांची लय जाते.

दोन गोष्टी लोक हमखास चुकतात. एक, मूळ चौकट ४:३ आहे. प्रोजेक्टर १६:९वर असला की माणसं बुटकी आणि रुंद होतात. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू दे. दुसरी, लॅपटॉपवर थेट वेग कमी करून दाखवणं. तालमीला चालतं, पण कार्यक्रमात कुणी चुकून पुन्हा सुरू केलं की वेग मूळ पदावर. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलून नवी फाईल काढा आणि तीच लावा. मूळ चित्रपट हक्कमुक्त होण्याइतका जुना आहे, पण फाईलवर चढवलेलं संगीत बहुधा नव्याने केलेलं असतं. नवी फाईल काढताना आवाजाचा ट्रॅक काढूनच टाका, म्हणजे तोही प्रश्न मिटला.

कृष्णाकाठ (सांगली)

'ई'ची युक्ती केली, प्रत्येक दाबाला माणूस हलतोय. फाईल २५ची. म्हणजे ७२ टक्क्यांपासून सुरुवात करतो. एक धास्ती आहे : हॅम्लेट साठ वर्षांचा दिसतो. पहिल्याच दृश्यात सभागृहात खसखस पिकेल का?

पिटातला

पिकेल, जर आधी सांगितलं नाहीत तर. त्याचं वय तेव्हा साठ, आईचं काम करणारी अ‍ॅडलीन बोर्न त्याच्याहून बरीच लहान. ऑफेलिया म्हणजे गर्ट्रूड एलियट, बायकोच. हे सगळं आधीच मोकळेपणाने सांगून टाका. आणि कारण फक्त वयाचं नाही. त्या काळची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक, तांबड्या रंगाला आंधळी. चेहऱ्यावरची तांबूस छटा, गालांवरच्या रेघा, सगळं काळपट उतरतं. रंगमंचाच्या दिव्यात जो नट पस्तिशीचा वाटायचा तो या फिल्मवर सत्तरीचा वाटतो. निळं आकाश याच कारणाने पांढरंफटक.

चेहऱ्यावरून नजर काढून हातांकडे न्यायला सांगा. कॅमेरा बहुतेक वेळ दूर आहे, पावलांपासून डोक्यापर्यंत अख्खा माणूस दिसतो. आपल्या प्रेक्षकाला पिटात बसल्याची सवय आहे, त्याला हे जड जाणार नाही. बघायचं ते असं : बाकीचे नट (ड्रुरी लेनचीच मंडळी, वॉल्टर रिंगम क्लॉडिअस, जे. एच. बार्न्स पोलोनिअस) पडद्यासाठी हात जरा जास्त उचलतात. हा फारसं करत नाही. त्याचा हात वाक्याबरोबर निघतो आणि वाक्याबरोबर थांबतो. शॉ म्हणत होता ते हेच, आणि ते आवाजाशिवायही दिसतं.

तुलनेला एक तुकडा मिळाला तर एफ. आर. बेन्सनचा १९११चा 'रिचर्ड तिसरा' दाखवा. स्ट्रॅटफर्डच्या रंगमंचावरच कॅमेरा ठोकून घेतलेला. पाटी आधी सांगते काय होणार, मग नट तेवढं करून दाखवतात. दोन वर्षांनी आपल्या या 'हॅम्लेट'साठी हेपवर्थच्या कंपनीने, ई. हे प्लंबच्या दिग्दर्शनात, मंच सोडून किनारा गाठला. फरक दोन मिनिटांत कळतो. बीअरबोम ट्रीचा १९११चा 'आठवा हेन्री' मात्र शोधत बसू नका. निर्माता विल बार्कर याने ठरल्याप्रमाणे प्रती जाहीरपणे जाळून टाकल्या.

शाहूनगर (सातारा)

सांध्याबद्दल. ओढूनताणून अजिबात नाही, फक्त 'हा त्यांचा गणपतराव' असं वाक्य टाकू नका. दोघांचे रस्ते जवळजवळ उलटे आहेत.

धागे असे. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, म्हणजे आमच्या जिल्ह्यातले. 'विकारविलसित' १८८३चं. ते रंगमंचावर गाजवलं शाहूनगरवासी मंडळीने, आणि त्या कंपनीच्या नावातलं शाहूनगर म्हणजे सातारा. गणपतराव जोशी चंद्रसेन, म्हणजे आपला हॅम्लेट. स्त्रीभूमिकांत बाळाभाऊ जोग. कंपनी गद्याची, संगीताची नव्हे, आणि हा मुद्दा तुमच्या पेटीवाल्यांनाही सांगा. तुमच्या हरिपूरचे नाटककार देवल याच कंपनीला तालीम देत. त्यांचा 'झुंझारराव' (१८९०) म्हणजे 'ऑथेल्लो', तोही गणपतरावांनीच केला.

उलटे कसे, तर फोर्ब्ज-रॉबर्टसन चव्वेचाळिशीत हॅम्लेटला हात घालतो, गणपतराव ऐन तारुण्यात. तो भावना आवरून धरणारा, गणपतरावांची ख्याती भावनेच्या झंझावाताची. आणि मुख्य फरक पुराव्याचा. दोघं समकालीन, पण लंडनचा हॅम्लेट तासभर पडद्यावर हलताना दिसतो, साताऱ्याचा हॅम्लेट वाचायचा तो लोकांच्या आठवणींतून आणि फोटोंतून. हे सभागृहात म्हटलंत की 'विकारविलसित'चं वाचन आपोआप जागेवर बसतं. वाचन पिक्चरनंतर ठेवा, पिक्चरआधी नको. आगरकरांची मराठी कानात घोळत असताना पडद्यावर इंग्रजी ओठ हलले तर प्रेक्षक धड दोन्हीकडे राहत नाही. दहा मिनिटं पुरे, आणि एकच स्वगत. अख्खा अंक वाचायला घेतलात तर मागच्या रांगा उठतात.

पेटी_आणि_पडदा

तिसरा आणि चौथा प्रश्न.

पाट्या. मराठी सबटायटल द्यायची असतील तर आधी वेग पक्का करून नवी फाईल काढा, मगच वेळा टाका. जुन्या फाईलवर टाकलेल्या वेळा ७२ टक्क्यांच्या फाईलवर दहाव्या मिनिटाला जवळपास चार मिनिटं आधी येतात. मजकूर डीटीपीवाल्यांकडून घेणार असाल तर युनिकोडमध्येच मागा. श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात) टाईप केलेलं व्हीएलसीत कचरा दिसतं. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. नंतर जोडाक्षरं तपासा, 'क्लॉडिअस' आणि 'फोर्टिनब्रास' दोन्ही नीट दिसले की बाकीचं दिसतंच. तपासणी त्याच लॅपटॉपवर करा जो कार्यक्रमाला आणणार. ओळ जास्तीत जास्त दोन, आणि पडद्यावर इतका वेळ की तुम्ही सावकाश दोनदा वाचू शकाल.

खरं तर सबटायटलपेक्षा माणूस उभा करा. सांगलीला हे सांगायला नको : भाव्यांच्या 'सीतास्वयंवर'पासून (१८४३) सूत्रधार कथा सांगतो आणि पात्रं करून दाखवतात. पडद्याच्या डाव्या बाजूला छोटा दिवा, हातात कागद. प्रवेश बदलला की दोन वाक्यं : कोण, कुठे, काय हवंय. मग गप्प. नट बोलत असताना त्यावर बोलायचं नाही, भूत आल्यावर तर अजिबात नाही. वीसेक जागा पुरतात. नावं पहिल्यांदा येतील तेव्हा नातं सांगा ('क्लॉडिअस, म्हणजे काका, आता राजा'), नंतर नुसतं नातं वापरलं तरी चालतं.

संगीत. नाट्यपदांच्या चाली नकोत. साठीच्या पुढचे प्रेक्षक म्हणालात ना, ओळखीची चाल लागली की लोक पडदा सोडून गुणगुणायला लागतात. शाहूनगरवासी गद्य कंपनी होती हे वर आलंच आहे. पेटीवर पूर्णवेळ सुरावट वाजवली तर पंचवीस मिनिटांत कान विटतात. तंबोऱ्याचा आधार सतत ठेवा (इलेक्ट्रॉनिक चालेल), पेटी मोजक्या ठिकाणी.

– भुताच्या प्रवेशात फक्त तंबोरा. भूत आरपार दिसतं ते एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून. त्या काळची रीत अशी की हँडलचे फेरे मोजायचे, फिल्म मागे घ्यायची आणि काळ्या पडद्यासमोर भुताला परत घ्यायचं. फेरे चुकले की भूत भलत्या जागी बघतं. प्रेक्षक हे शांतपणे बघतात, त्यावर पखवाज वाजवून बिघडवू नका.
– नाटकातल्या नाटकाला पेटी पुढे येऊ दे, कारण तिथे पडद्यावरही प्रेक्षक आहेत. राजा उठतो त्या क्षणी एकदम बंद.
– ऑफेलियाच्या वेडाला एकच छोटी सुरावट, आणि तीच पुढे तिच्या दफनाला, अर्ध्या लयीत.
– द्वंद्वाला पखवाज. तलवारीच्या प्रत्येक ठोक्याला थाप द्यायचा प्रयत्न होईल, तो आवरा. दोन थापा मागे पडल्या की विनोदी होतं. सरळ ठेका धरायचा आणि विषारी प्याल्याला थांबायचं.

वादकांना मोठा पडदा बाजूने दिसत नाही, मान अवघडते. त्यांच्यासमोर दुसरा छोटा मॉनिटर ठेवा, केबल दुभागून. मॉनिटर उशिरा दाखवतोय का ते आधी बघा, वायरलेस जोडणीत उशीर होतोच. त्यांच्या कागदावर वेळेबरोबर दृश्याची खूण लिहा ('राणी प्याला उचलते'), कारण अंधारात घड्याळ कुणी बघत नाही.

फोर्ब्ज-रॉबर्टसनचा आवाज १९२०च्या दशकाअखेरच्या ग्रामोफोन ध्वनिमुद्रणात ऐकायला मिळतो. तो पिक्चरवर बसवायचा मोह होईल, बसत नाही. पंधरा वर्षांनंतरचा म्हातारा आवाज, वेगळी लय. पिक्चर संपल्यावर, दिवे लावायच्या आधी, वेगळा ऐकवा.

रीळमोजणी

वरच्यात एक भर. सभागृहात दुपारचा कार्यक्रम असेल तर खिडक्यांचं आधी बघा. साध्या प्रोजेक्टरवर जुन्या फिल्मचा करडा भाग पार उडतो आणि किल्ल्याच्या भिंतीवर भूत दिसतच नाही. प्रोजेक्टरचा 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड बंद करा, 'सिनेमा' लावा, आणि चौकटी गुळगुळीत करणारी सोय असेल तर तीही बंद. तिने हातांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात.

कृष्णाकाठ (सांगली)

वेळ सहाऐवजी सातची करतोय, नोव्हेंबरात तोपर्यंत अंधार पडलेला असतो. पेटीवाल्यांना तंबोऱ्याचं पटलं, पखवाजवाले थोडे नाराज आहेत. त्यांना शेवटी फोर्टिनब्रासच्या वेळी काही देता येईल का?

पेटी_आणि_पडदा

द्या. प्याल्यानंतर थांबले की हॅम्लेट डोळे मिटेपर्यंत पूर्ण शांत, मग विलंबित चौताल, हलक्या हाताने, पडदा काळा होईपर्यंत. शेवटी तिहाई नको, टाळ्या चुकीच्या जागी पडतात.